सहा व्होल्टचा उजेड

हा जुन्या मोटरसायकलच्या डिपरचा, म्हणजे हेडलाइटचा झोत वर-खाली करणारा स्विच. झाकणाचे दोन स्क्रू जपून सोडवायचे, कारण आत बारीकशी स्प्रिंग आहे आणि तिच्या टोकावर छर्‍याएवढी गोळी. उडाली की सापडत नाही.

आता काँटॅक्ट बघा. पितळ पार कळकलंय. इतक्या वर्षांची ओल आणि चिखल. एवढ्यावरून लोक अख्खं वायरिंग कापतात, नवा स्विच लावतात आणि हा भंगारात टाकतात. फार वाईट वाटतं. आधी उघडून तरी बघा.

१९६८ साली यामाहाची डीटी-१ आली आणि रस्त्यावरून थेट रानात शिरणाऱ्या हलक्या गाड्यांना बहर आला. अशा बऱ्याच गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालत नाही. इंजिनाबरोबर मॅग्नेटो, म्हणजे चुंबकाचं चाक फिरतं, लायटिंग कॉइलमध्ये, म्हणजे दिव्यांसाठीच्या तारेच्या गुंडाळीत, वीज तयार होते आणि ती तशीच बल्बला जाते. इंजिन मंद, तर उजेड पिवळा. रेस दिली की पांढरा. ६ व्होल्टवर ३५ वॉटचा बल्ब जवळजवळ ६ अँपिअर ओढतो. एवढा करंट या कळकलेल्या पितळेतून जायचा, म्हणजे व्होल्टेज वाटेतच जिरतं.

पॉलिश पेपरची ही अरुंद पट्टी. दोन-तीन हलके हात, बस. पिवळं पितळ दिसलं की थांबायचं, जास्त घासलं तर काँटॅक्टच झिजतो. हा बघा, आला रंग.

आता अर्थ, म्हणजे फ्रेमला जोडायची वायर. यामाहात काळी वायर अर्थची, होंडात हिरवी. फ्रेमला नवा रंग दिलाय, म्हणून बोल्टखालचा रंग खरवडून लोखंड उघडं केलंय. वीज परत जाते ती इथूनच. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं. वायर कुठेही ताणली जाता कामा नये.

इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची चाल मात्र उलटी. दिव्याचा स्विच वाट जोडतो तेव्हा दिवा लागतो. हा वाट जोडतो तेव्हा इग्निशनची वीज अर्थला जाते आणि ठिणगी बंद पडते. बॅटरीवाल्या गाडीचा स्विच इथे लावलात, तर ‘चालू’वर गाडी स्टार्टच होणार नाही.

व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर नसेल, तर हेडलाइटचा बल्ब गेल्यावर सगळा भार मागच्या दिव्यावर येतो आणि तोही जातो.

अंधार पडलाय. किक.

डिपर वर. डिपर खाली.