मोरीचं गणित

नमस्कार श्रोतेहो.

मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून झालं की वाळूत मासळीचा ढीग पडतो. तारली, पेडवे, बांगडे आणि मधेच एखादी मोरी, म्हणजे मुशी, शार्कच्या जातीची. खाणारे किती नि खाल्ले जाणारे किती, ते त्या ढिगात उघड दिसतं.

असेच ढीग इटलीत उंबेर्तो दांकोना हे प्राणिशास्त्रज्ञ तपासत होते, तेही बाजारातल्या जुन्या नोंदींवरून. एड्रियाटिक समुद्रावरच्या फ्यूमे बंदरात 1914 साली मुशी-पाकटांच्या जातीचं प्रमाण होतं शेकडा 12. 1918 साली झालं 36. मधल्या काळात महायुद्ध. होड्या किनाऱ्याला लागलेल्या. मासेमारी थंडावली तर सगळीच मासळी वाढायला हवी. मुशीचंच तेवढं कसं फावलं?

दांकोनांनी हे कोडं गणिती व्हितो व्होल्तेरांपुढे ठेवलं. दांकोना पुढे त्यांचे जावई झाले, म्हणजे प्रश्न घरातलाच. व्होल्तेरांनी 1926 साली दोन समीकरणं मांडली. लहान मासे आपापले वाढतात, मोठ्यांच्या तावडीत सापडले की घटतात. मोठे त्या गाठीभेटींवरच जगतात. आणि गाठी पडणार किती? लहानांची संख्या गुणिले मोठ्यांची. बस्स. यातून निघतं असं, की मासेमारी कमी झाली तर सरासरीत मुशी वाढते आणि बारीक मासळी उलट घटते.

गंमत म्हणजे अमेरिकेत आल्फ्रेड लोटका 1920 सालीच याच समीकरणांपाशी पोचले होते, आणि ते निघाले होते रसायनांच्या वाटेने. हा गुणाकार मुळात रसायनशास्त्राचाच. भांड्यात दोन पदार्थांचे कण जितके जास्त, तितक्या त्यांच्या टकरा जास्त. व्होल्तेरांच्या समुद्रात मासेही असेच एकमेकांवर आदळतात.

भांड्यात हे छान जमतं. 1951च्या सुमारास बेलुसोव्ह या रशियन शास्त्रज्ञाला एक मिश्रण सापडलं, जे पिवळं व्हायचं, रंगहीन व्हायचं, पुन्हा पिवळं. असं होणं शक्य नाही म्हणून त्याचा लेख परत आला. आज ती हेलकावणारी क्रिया समीकरणांतून बऱ्यापैकी नेमकी काढता येते. कारण सोपं आहे: एक कण दुसऱ्यासारखाच, आणि ढवळलं की सगळीकडे सारखे.

बांगडा काही ढवळून सारखा होत नाही. तो थव्याने फिरतो, थवा वळतो, पाण्याचा रंग बदलला की निघून जातो. मुशीचं पिल्लू आणि पुरी वाढलेली मुशी यांची भूक एक नव्हे, समीकरणात मात्र दोन्ही एकच आकडा. शिवाय बाजारातली टोपली म्हणजे समुद्र नव्हे. युद्धात कुठली जाळी पडली, कुठली नाही, यानेही प्रमाण हललं असेल. मला वाटतं, जिवांच्या बाबतीत ही समीकरणं वाऱ्याची दिशा सांगतात, वेग नाही. जून-जुलैच्या 61 दिवसांच्या मासेमारी बंदीनंतर किती मोरी मिळेल, ते त्यांना विचारू नये.

एकदा रापणीवरच्या एका आजोबांना हे सगळं मी वाळूत काठीने लिहून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मास्तरांनू, ह्यात पावस खंय आसा?”

म्हटलं, “नाही. पण घालता येतो.”

“मगे?”

“मग हे वाळूत सुटत नाही. संगणक लागतो.”

आजोबा हसले, ढिगातली मोरी शेपटीला धरून उचलली आणि वेगळ्या टोपलीत टाकली.