शंभर मार्कांचा झाला एक: आरमधला फॅक्टर

नमस्कार मंडळी. आज आर या डेटा हाताळायच्या प्रोग्रॅमिंग भाषेतली एकच गोष्ट, पण डोकं खाणारी.

स्क्रीनवर बघा. चार मुलांचे मार्क: 40, 100, 75 आणि चौथ्यापुढे लिहिलंय 'गैरहजर'. या एका शब्दापायी अख्खा कॉलम मजकूर झाला, आणि पुढे कुणीतरी त्याचा फॅक्टर केला. आपण म्हणतो, असू दे, आकड्यात बदलणारं ॲज-डॉट-न्यूमेरिक लावू. एंटर. काय आलं? 2, 1, 3, 4. शंभरवाल्याला 1 आणि जो परीक्षेला फिरकलाच नाही त्याला 4! सरासरी 2.5. ना एरर, ना वॉर्निंग.

फॅक्टर दिसतो शब्दांचा, पण पोटात पूर्णांक असतात. वेगवेगळ्या किमतींची एक यादी तो बाजूला ठेवतो, तिला लेव्हल्स म्हणतात. ओळीत असतो फक्त यादीतला अनुक्रमांक. यादी मजकूर म्हणून लावलेली, त्यामुळे 1 ने सुरू होणारा 100 हा 40 च्या आधी. आपण अनुक्रमांक मागितले, त्याने इमानदारीत दिले.

म्हणून आधी ॲज-डॉट-कॅरेक्टर लावून मजकूर करायचा, मग न्यूमेरिक. आता 'गैरहजर'च्या जागी एनए, म्हणजे 'किंमत नाही' अशी खूण येते आणि सोबत वॉर्निंग. येऊ दे, तीच तर हवी होती! एनए वगळून सरासरी 71.67.

जुनी स्क्रिप्ट हातात आली तर जास्त जपा. एप्रिल 2020 मध्ये आर 4.0.0 आलं, त्याआधी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम पाडलेली फाइल वाचली की मजकुराचे कॉलम न सांगता फॅक्टर व्हायचे.

मग फॅक्टर हवाच कशाला? क्रमासाठी. 'कमी, मध्यम, जास्त' अशी उत्तरं आहेत. आर ती बाराखडीप्रमाणे लावतं: कमी, जास्त, मध्यम. ग्राफ बघणारा चक्रावतो. तेव्हा लेव्हल्सचा क्रम आपण स्वतः लिहून द्यायचा. पण लिहिलेल्या यादीत जे बसत नाही त्याचं गुपचूप एनए होतं. कुणी 'जास्ती' टाइप केलं, गेलं. माझ्या एका फाइलमध्ये 'मध्यम'च्या मागे नुसती एक स्पेस होती, तासभर शोधत बसलो. आता फॅक्टर करण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा टेबल, म्हणजे कोणती किंमत किती वेळा आली ते काढतो, एनएही मोजले जावेत म्हणून यूज-एनए लावून.

आणखी एक. आरसोबत येणारा आयरिस डेटा घ्या: फुलांच्या तीन जाती, प्रत्येकी 50 ओळी. त्यातली सेटोसा ही जात गाळा आणि टेबल काढा. सेटोसा तिथेच, समोर 0. ओळी गेल्या, यादी राहिली. ड्रॉप-लेव्हल्स म्हटलं की जाते. मात्र सर्व्हेत 'कमी' कुणीच निवडलं नसेल तर तो शून्य गाळू नका. तेही लोकांनी दिलेलं उत्तरच आहे.