साथीला कोण आहे?

नमस्कार श्रोतेहो.

आकाशवाणीवरची शास्त्रीय संगीताची सभा आठवून बघा. निवेदक गायकाचं नाव सांगतात, राग सांगतात आणि मग न चुकता पुढचं वाक्य येतं: तबल्याची साथ अमुक यांची, संवादिनीवर तमुक. वर्षानुवर्षं हे ऐकून आपल्या कानाला एक शिस्त लागली आहे. देशोदेशीचे गायक-वादक कसे शोधावेत, याबद्दल आज मला जे सांगायचंय ते सगळं या शिस्तीवरच उभं आहे.

बरेच जण हा शोध नकाशा घेऊन सुरू करतात. आज ब्राझील, उद्या जपान, परवा आणखी कुठलं तरी बेट. आठवड्याभरात कंटाळा येतो, कारण चार गाणी ऐकून कुठलाच देश कळत नाही आणि माणूस तर एकही लक्षात राहत नाही. त्यापेक्षा एकच कलाकार धरा, मनापासून आवडलेला. त्याच्या साथीला कोण बसलंय ते बघा आणि त्या साथीदाराच्या मागोमाग निघा. देश आपोआप वाटेत येतात.

सुरुवात रेडिओवरूनच करू या. बातम्यांना दोन-तीन मिनिटं उरली की पूर्वी हमखास एखादी धून लागायची, जुन्या सिनेगीताची, हवाईन गिटारवर. गिटार आडवी ठेवायची आणि तारा बोटांनी न दाबता त्यांवरून धातूची कांडी सरकवायची. त्यामुळे सूर तुटत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. आपण त्याला मींड म्हणतो. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ही पद्धत रुळली आणि तिचं श्रेय बहुतेक जण जोसेफ केकुकू यांना देतात. ती आपल्याकडे आली त्यात टाऊ मो या वादकाचा मोठा हात. बायको-मुलांसह जगभर कार्यक्रम करत हिंडणारा हा माणूस १९४०च्या दशकात कोलकात्यात राहिला, तिथे वाजवत होता, शिकवत होता. पुढे ब्रिजभूषण काब्रा यांनी हीच गिटार रागसंगीतात आणली. 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका अनेकांच्या घरी असेल. त्यात शिवकुमार शर्मांच्या संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीबरोबर जी गिटार ऐकू येते, ती काब्रांची.

म्हणजे बेटांवरचं वाद्य कोलकातामार्गे आपल्या घरात येऊन बसलं होतं आणि आपण त्याला बातम्यांआधीचं संगीत समजत होतो!

जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी त्याच गिटारला तरफेच्या, म्हणजे मुख्य तारा छेडल्या की आपोआप झंकारणाऱ्या, तारा जोडून मोहनवीणा केली. १९९२ साली कॅलिफोर्नियातल्या एका प्रार्थनागृहात ते अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांच्यासमोर बसले. दोघांची ओळख ध्वनिमुद्रणाच्या अगदी थोडा वेळ आधी झालेली. तबल्यावर सुखविंदरसिंग नामधारी आणि दुंबेक या पश्चिम आशियातल्या तालवाद्यावर कूडर यांचा चौदा वर्षांचा मुलगा वाकिम. 'अ मीटिंग बाय द रिव्हर' १९९३मध्ये निघाली आणि पुढच्या वर्षी तिला ग्रॅमी मिळालं. ग्रॅमीचं एवढं काही नाही. ऐकण्यासारखं आहे ते दोघांचं एकमेकांसाठी थांबणं. भट्टांनी जागा घेतली की कूडर तिची नक्कल करत नाहीत, खाली दोन सूर ठेवून वाट बघतात. फ्यूजन नावाखाली जो गोंगाट चालतो त्याचा मला तिटकारा आहे. दोन्हीकडचे लोक एकाच वेळी जोरात वाजवतात आणि शेवटी तबल्यावर तिहाई मारून टाळ्या घेतात. त्या लोकांनी ही ध्वनिमुद्रिका रोज सकाळी एकदा ऐकावी.

आता साथीदाराच्या मागे जायचं, म्हणजे राय कूडर यांच्या मागे. ते आपल्याला थेट पश्चिम आफ्रिकेत, माली देशात नेतात. १९९४मध्ये त्यांची अली फार्का तुरे यांच्याबरोबरची 'टॉकिंग टिंबक्टू' आली. तुरे हे नायजर नदीकाठच्या न्याफुंके गावचे. स्वतःला ते आधी शेतकरी मानायचे. १९९९च्या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांनी गाव सोडायला नकार दिला, तेव्हा मुद्रणाचं सगळं सामानच गावात न्यावं लागलं. ध्वनिमुद्रिकेचं नावही 'न्याफुंके' ठेवलं. मिळालेला पैसा त्यांनी शेतीच्या पाण्यावर घातला. २००४मध्ये गावाने त्यांना नगराध्यक्ष केलं आणि २००६ साली ते गेले.

त्यांचं वाजवणं सांगायचं तर गिटारवर एक छोटा तुकडा येतो, पुन्हा येतो, पुन्हा येतो. बदलत काहीच नाही असं वाटतं. मग कळतं की दरवेळी एखादा सूर केसभर मागे ठेवलाय. आमच्या गल्लीत एक तेलुगू आजोबा आहेत, सोलापूरच्या साखर पेठेतल्या यंत्रमागांवर उभी हयात घालवलेले. त्यांना मी हे मोबाइलवर ऐकवलं. कारखान्यातल्या खडखडाटाने कान जरा मंद झालेत म्हणून फोन कानाला लावून बसले होते. थोड्या वेळाने एका हाताची बोटं ओट्यावर आपटायला लागले, मग दुसऱ्या हाताची, वेगळ्याच चालीने. म्हणाले, "काय बे, हे तीन चाललंय का दोन?" दोन्ही चाललं होतं! तीनावर दोनाचा ताल हा तिकडच्या संगीतात पदोपदी भेटतो आणि पुस्तकं त्यावर पानंच्या पानं खर्च करतात. धोट्याची ये-जा ऐकत आयुष्य गेलेल्या माणसाला त्यासाठी पुस्तक लागलं नाही.

भाषा कळत नाही ही तक्रार निदान सोलापूरकरांनी करू नये. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांतली गाणी एका चौकात ऐकत आपण मोठे झालो. त्यातली निम्मी कळायची नाहीत, तरी चाली पाठ असायच्या.

तुऱ्यांच्या साथीला पुढे कोण येतं? तुमानी दियाबाते. २००५ची 'इन द हार्ट ऑफ द मून' ही दोघांची ध्वनिमुद्रिका मालीच्या राजधानीत, बामाकोत, नायजरच्या काठच्या एका हॉटेलात मुद्रित झाली. दियाबाते कोरा वाजवायचे. कोऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तो आपल्याला जवळचा वाटावा असाच आहे. मोठा वाळलेला भोपळा अर्धा कापतात, तोंडावर गाईचं कातडं ताणून बसवतात आणि त्यातून लांब दांडी आरपार काढतात. मिरजेच्या तंबोऱ्यांसाठी भोपळे आपल्याच जिल्ह्यातून, पंढरपूरच्या बाजूने जातात, त्यामुळे असला भोपळा कसा असतो हे आपल्याला सांगायला नको. कोऱ्याला तारा २१, दोन ओळींत उभ्या. वादक वाद्याचं तोंड स्वतःकडे करून बसतो, दोन्ही हातांनी दोन मुठी धरतो आणि वाजवायला उरतात ते फक्त दोन अंगठे आणि दोन तर्जन्या. अंगठे खालचे खर्जाचे सूर धरून ठेवतात, तर्जन्या वर मुक्त फिरतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खात्रीच वाटते की तीन माणसं वाजवताहेत. दियाबाते यांची 'काइरा' ही १९८८ची ध्वनिमुद्रिका ऐका, ती त्यांनी एकट्याने वाजवलेली आहे.

हे घराणं ग्रिओंचं, म्हणजे राजांच्या वंशावळी आणि पराक्रम तोंडपाठ ठेवून गाणाऱ्यांचं, आपल्याकडच्या भाटांसारखं. वडील सिदिकी दियाबाते कोरावादक, मुलगाही सिदिकी आणि तोही कोरावादक. बापलेकांनी २०१४मध्ये एकत्र ध्वनिमुद्रिका काढली. तुमानी २०२४ साली गेले. त्यांच्यामुळे आणखी एक दार उघडतं: १९८८मध्येच त्यांनी 'केतामा' या मंडळींबरोबर 'सोंघाई' केली. ही मंडळी फ्लामेंकोची, म्हणजे गिटार आणि टाळ्यांच्या तालावर चालणाऱ्या स्पेनच्या संगीताची. तिथून फ्लामेंकोत शिरता येतं. मी फार आत गेलो नाही, टाळ्यांचा तो ताल मला अजून नीट सापडत नाही.

साथीदारांची नावं शोधायची कुठे? पूर्वी कॅसेटच्या आतल्या कागदावर असायची. आता यूट्यूबवर गाण्याखालची माहिती उघडून शेवटपर्यंत वाचा. अमेरिकेच्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओवाल्यांचा 'टायनी डेस्क' नावाचा उपक्रम २००८पासून चालू आहे. कचेरीतल्या एका टेबलामागे उभं राहून कलाकार वाजवतात आणि खाली प्रत्येक वादकाचं नाव दिलेलं असतं. स्मिथसोनियन संस्थेच्या 'फोकवेज' या ध्वनिमुद्रिकांबरोबरच्या माहितीपुस्तिका त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. हिंडायचंच असेल तर 'रेडिओ गार्डन' हे संकेतस्थळ आहे. पृथ्वीच्या गोळ्यावर हिरवे ठिपके, बोट ठेवाल तिथलं स्थानिक केंद्र लागतं. आपला धंदा रेडिओचा, म्हणून त्याचं कौतुक जास्त.

मात्र 'झोप लागण्यासाठी आफ्रिकन संगीत', 'ध्यानासाठी तिबेटी सूर' असल्या तयार याद्यांपासून सांभाळून. तिथे वाजवणाऱ्याचं नाव नसतं, वाद्याचंही नसतं, कधीकधी वाजवणारं माणूसही नसतं. ज्याला नाव नाही त्याच्या मागोमाग जाणार कसं?

आता जरा घरचं. सोलापूर-अक्कलकोटच्या जाधव घराण्याने सुंदरी हे वाद्य जपलं. सनईच्याच कुळातलं, पण आकाराने लहान. सनईवादनाला बसलेल्या मंडळींकडे नीट बघितलं असेल तर एक जण नुसता सूर धरून बसलेला असतो. गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, एकच आधारस्वर, खंड न पडू देता. सगळं लक्ष पुढच्या वादकाकडे आणि हा मागे. ही जागा डोक्यात ठेवून अर्मेनियाचं दुदुक ऐका. जर्दाळूच्या लाकडाचं, रुंद पत्तीचं, आवाज सनईपेक्षा पुष्कळ मऊ आणि घोगरा. तेही दोघं मिळून वाजवतात. एक गत वाजवतो, दुसरा एकच सूर धरतो, त्याच श्वासाच्या युक्तीने. १९२८ साली जन्मलेले जिवान गास्पर्यान हे यातलं मोठं नाव, २०२१ साली ते गेले. त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत निदान पहिली पाच मिनिटं मुख्य गतीकडे दुर्लक्ष करून त्या धरलेल्या सुरावर कान ठेवा. गतीतला प्रत्येक स्वर त्याला टेकून उभा आहे हे लगेच जाणवतं.

गास्पर्यान यांनी मायकेल ब्रुक या कॅनडाच्या गिटारवादकाबरोबर १९९८मध्ये 'ब्लॅक रॉक' केली. हेच ब्रुक त्याआधी, १९९०मध्ये, नुसरत फतेह अली खान यांच्या 'मस्त मस्त' या ध्वनिमुद्रिकेमागे होते. नुसरतांची कव्वाली आपल्याकडे कोणाला माहीत नाही? म्हणजे अर्मेनिया आपल्यापासून फक्त एका साथीदाराच्या अंतरावर आहे.

राय कूडर यांना मी मघाशी मालीत सोडलं होतं. १९९६च्या मार्च महिन्यात ते क्युबाच्या राजधानीत, हवानात गेले. बेत असा की मालीचे दोन वादक येतील, जेलिमादी तुंकारा गिटारवर आणि बासेकू कुयाते न्गोनी या तंतुवाद्यावर, आणि क्युबाच्या वादकांबरोबर बसतील. ते दोघं पोहोचलेच नाहीत. स्टुडिओ घेतलेला, माणसं जमलेली. मग क्युबाचेच वादक हुआन दे मार्कोस गोन्सालेस यांनी शहरातली जुनी मंडळी गोळा केली. पियानोवर सत्तरी उलटलेले रुबेन गोन्सालेस, ज्यांच्या घरी तेव्हा पियानोच नव्हता. गायक इब्राहिम फेरर, ते बूटपॉलिश करून घर चालवत होते. कोम्पाय सेगुंदो तर नव्वदीला टेकलेले. १९९७मध्ये 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' आली आणि जगभर गाजली.

विस्मृतीत गेलेल्या म्हाताऱ्यांना परदेशी माणसाने शोधून काढलं, अशी ही गोष्ट सांगितली जाते. मला ती अर्धीच पटते. याच ध्वनिमुद्रिकेत गाणाऱ्या ओमारा पोर्तुओंदो यांना क्युबातले लोक कधी विसरलेच नव्हते, आणि सेगुंदो त्याआधीच स्पेनमध्ये कार्यक्रम करत होते. शोध लागला तो आपल्याला, त्यांना त्यांचा ठावठिकाणा माहीत होता.

मूळचा बेत मात्र राहून गेला होता. तो पुरा व्हायला १४ वर्षं लागली. २०१०मध्ये 'आफ्रोक्युबिझम' निघाली. त्यात तुंकारा आहेत, कुयाते आहेत, क्युबाचे एलियादेस ओचोआ आहेत, आणि कोऱ्यावर पुन्हा तुमानी दियाबाते. कुयाते यांची स्वतःची 'न्गोनी बा' नावाची मंडळीही आहे, गाण्याला त्यांची पत्नी आमी साको. रात्रीची जेवणं झाली की मोबाइलवर तिथून सुरुवात केलीत तरी चालेल.

नमस्कार.