शाबीत, नाशाबीत आणि तिसरा शेरा

अध्यक्षमहाराज आणि मालवणकर श्रोतेहो,

ख्रिस्ती धर्म खरा आहे की नाही हे कसे ठरवावे, हा विषय मी या वाचनालयाला आपणहून सुचवला. आयुष्यभर दिवाणी दावे चालवलेल्या वकिलाचा धर्माशी काय संबंध, असे कोणी विचारील. पण हा धर्म एका घडलेल्या म्हणून सांगितलेल्या प्रसंगावर उभा आहे, आणि बायबलातल्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने स्वतःच म्हटले आहे की, ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर विश्वास व्यर्थ आहे. जिथे घटना सांगितली जाते, तिथे साक्षीपुरावा आलाच.

१८७२च्या पुरावा कायद्यात आणि २०२३च्या साक्ष अधिनियमातही तीन शब्दांच्या व्याख्या आहेत: शाबीत; नाशाबीत, म्हणजे खोटे ठरलेले; आणि शाबीत न झालेले, म्हणजे खरे की खोटे काहीच न ठरलेले. हा तिसरा शेरा लोकांच्या लक्षातच येत नाही, आणि त्यापायी केवढा अन्याय होतो हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

वकिलीच्या पहिल्या वर्षांत माझ्याकडे विहिरीवर जाणाऱ्या पाणंदीचा दावा आला. शेजाऱ्याने गडगा, म्हणजे दगडी कुंपण, पुढे सरकवून वाट बुजवली होती. गडगा हातभर सरकला तर दोन पिढ्या एकमेकांच्या गणपतीला जात नाहीत, हे इथे कोणाला सांगायला नको. समोरच्यांनी तीन साक्षीदार आणले. ‘त्या जागी वाट कधीही नव्हती व आजही नाही’ हे एकच वाक्य तिघांनीही शब्दही न बदलता म्हटले. माझ्या बाजूने एक म्हातारी आजी होती. जुना गडगा फणसापलीकडे होता, असे ती म्हणाली. कशावरून, असे विचारल्यावर तिने साक्षीच्या पिंजऱ्यात पाऊल पुढे करून अंगठ्यावरचा वण दाखवला. पाण्याची कळशी घेऊन येताना त्याच गडग्याचा चिरा निसटून पायावर पडला होता. उलटतपासणीत तिला साल विचारले. तिने एकदा एक सांगितले, पुन्हा दुसरे सांगितले, आणि साक्ष तिथेच कोसळली. निकालात ‘वहिवाट शाबीत होत नाही’ एवढेच लिहिले होते. गावाने मात्र त्याचा अर्थ ‘आजी खोटे बोलली’ असा लावला, आणि ती जाईपर्यंत तिला तो ऐकावा लागला. मला ते अजून सहन होत नाही. सालात चूक झाली म्हणून वण खोटा ठरत नाही. आणि तिघांचे शब्द तंतोतंत जुळले, तर ते पढवलेले असावेत, ही शंका आधी घ्यावी लागते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे आणि देवगडकडच्या मंडळींची शेवटची एस.टी. गाठायची आहे, तेव्हा मूळ मुद्दा थोडक्यात मांडतो.

रोमन सुभेदार पिलाताच्या अमलात येशूला देहदंड झाला, हे मी शाबीत धरतो, इ.स. ११६च्या सुमारास लिहिणारा रोमन इतिहासकार टॅसिटस ख्रिस्ती नव्हता, तरी तो हेच सांगतो. मरणानंतर येशू आपल्याला दिसला असे शिष्यांना मनापासून वाटत होते, हेही मी शाबीत धरतो, कारण ख्रिस्ती मंडळीचा छळ करणारा पौल तेच सांगू लागला आणि इ.स. ५५च्या सुमारास त्याने साक्षीदारांची यादी दिली. केफाजवळ, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याजवळ, तो पंधरा दिवस राहिला होता. मात्र त्याच यादीतल्या पाचशेंहून अधिक जणांपैकी एकाचीही स्वतंत्र जबानी आपल्यापुढे नाही. तो भाग ऐकीव आहे. येशूचे चरित्र लिहिणाऱ्यांपैकी मार्क त्याच्या कबरीपाशी एक तरुण दिसल्याचे सांगतो, लूक दोन पुरुष सांगतो. ही तफावत मला आजीच्या सालासारखी वाटते. परंतु मार्काच्या शेवटच्या बारा ओव्या सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत, ही तफावत नव्हे, मागाहून घातलेली भर आहे, आणि ती पुराव्यातून वगळलीच पाहिजे.

मग खुद्द पुनरुत्थानाचे, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठण्याचे, काय? स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १७४८ साली म्हटले की, साक्ष खोटी असणे हे चमत्काराहूनही अघटित ठरेल, तेव्हाच चमत्कार मानावा. असाधारण गोष्टीला भारी पुरावा मागणे मला रास्त वाटते. पण कितीही पुरावा आला तरी पुरणार नाही असे आधीच ठरवले, तर साक्षीदाराला पिंजऱ्यात बोलावण्याला अर्थ उरत नाही. माझ्या तराजूत हा मुद्दा आज ‘शाबीत न झालेला’ आहे. ‘नाशाबीत’ मात्र मी लिहिणार नाही. पुढे पारडे झुकले, तर त्याप्रमाणे वागण्याची माझी तयारी आहे, कारण समंजस माणसाने ज्यावर विसंबून वागावे इतके संभवनीय ते शाबीत, असेच कायदा म्हणतो.

येशूचा शिष्य थोमा याचे नाव आपण नेहमी संशयी म्हणून घेतो. येशूच्या हातांवरच्या खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय तो उठला हे मानणार नाही, असे तो म्हणाला, आणि आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात जमले तेव्हा तो त्यांच्यातच होता. त्याला कोणी बाहेर काढले नव्हते, आणि तोही उठून गेला नव्हता.