खुब्यातलं बेअरिंग: सर जॉन चार्नली यांची शस्त्रक्रिया

मंडळी, इंग्लंडमधला मोठा सर्जन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लंडन येतं. खुब्याचा कृत्रिम सांधा घडवणारे चार्नली मात्र उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशायरचे. १९११ साली बरी गावात जन्म, वडिलांचं औषधांचं दुकान, आई नर्स, शिक्षण मँचेस्टरला. नाव झालं ते विगनजवळच्या राइटिंग्टनमध्ये, एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात. क्षयावर औषधं आली, खाटा रिकाम्या पडू लागल्या आणि तिथे त्यांनी खुब्याच्या सांध्याचं केंद्र उभं केलं.

सुरुवात एका आवाजापासून झाली. तेव्हा खुब्यात अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे एका कडक प्लॅस्टिकचा, गोळा बसवत. असा एक रुग्ण जरा वाकला की खुबा करकरायचा. इतरांना ती गंमत वाटली. चार्नलींनी मात्र ताडलं, की आवाज येतो म्हणजे घर्षण जास्त आहे, आणि घर्षण जास्त असेल तर प्रत्येक पावलागणिक गोळ्याची दांडी हाडात पिळली जाऊन सैल होणार.

हा पीळ कमी करायचा तर दोन वाटा: पृष्ठभाग गुळगुळीत ठेवा, किंवा गोळा लहान करा. घर्षणाचं बल तेवढंच राहिलं तरी त्रिज्या कमी झाली की पीळ कमी होतो. नळाची चावी मोठ्या चाकाची असली की ती फिरवायला सोपी जाते ना, तेच गणित उलटं. त्यांनी गोळा ४० मिलिमीटरच्या आसपासवरून २२ वर आणला. गोळा लहान झाल्यामुळे तो ज्या वाटीत फिरतो तिची भिंत जाड करायलाही जागा मिळाली.

वाटी टेफ्लॉनची केली, आणि इथे मोठी चूक झाली. सुमारे तीनशे रुग्णांत ती बसवली. घर्षण उत्तम होतं, पण झीज भयंकर. दोन-तीन वर्षांत गोळा वाटीत खोल रुतायचा, सुटलेल्या पुडीभोवती दाह होऊन हाड खाल्लं जायचं. पूडच दोषी आहे का हे पाहायला चार्नलींनी ती स्वतःच्या मांडीत टोचून घेतली; नऊ महिन्यांनीही गाठी हाताला लागत होत्या. ज्यांना त्या वाट्या बसवल्या होत्या, त्यांच्या पुन्हा शस्त्रक्रिया करणंही त्यांच्याच वाट्याला आलं.

१९६२च्या मे महिन्यात एक विक्रेता पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकच्या नव्या प्रकाराचा तुकडा घेऊन आला. चार्नलींनी त्यावर नख दाबून पाहिलं आणि नको म्हणून निघून गेले. प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र, साहेब कोपनहेगनला गेले असताना, तो झीज तपासणाऱ्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं, तेवढं हे तीन आठवड्यांतही झिजलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून ही वाटी रुग्णांत बसू लागली.

आता बसवण्याचं. अ‍ॅक्रिलिक सिमेंटला लोक अजून 'गोंद' समजतात. तो गोंद नव्हे, फरशीखालच्या मसाल्यासारखा भराव आहे: हाडाच्या खाचांत शिरून भार सगळीकडे वाटून देतो. सिमेंटची पूड ४० ग्रॅम, त्यात द्रव २० मिलिलिटर. कालवलेलं मिश्रण हाताला चिकटेनासं झालं की भरायचं, आणि घट्ट होईपर्यंत दांडी हलू द्यायची नाही. हलली तर सिमेंट आणि हाड यांच्यात फट राहते. पोकळीत रक्त राहिलं की सिमेंटमध्ये थर पडतात, तेही वाईटच. सांधा उघडताना मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा कापून बाजूला घेत आणि शेवटी तारांनी परत बांधत. त्या तारा तुटणं, उंचवटा न जुळणं ही नेहमीची डोकेदुखी.

दुसरा शत्रू म्हणजे पू. सुरुवातीला शंभरातल्या सात ते नऊ जणांना संसर्ग व्हायचा. सर्जनची कातडी आणि श्वास हेही त्याचं मूळ असू शकतं, म्हणून त्यांनी गाळलेली हवा खेळवणारी खोली बांधून घेतली आणि आतली हवा नळीने बाहेर ओढून घेणारे सर्जनचे झगे आणले. कालांतराने प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं.

हे सगळं असूनही सांधा बाजारात मोकळा सोडला नाही. बरीच वर्षं, राइटिंग्टनला येऊन शिकून गेलेल्या सर्जनलाच तो विकत मिळायचा. रुग्णांनाही त्यांची एक विनंती असे: मेल्यावर खुबा परत द्या. १९८२ साली चार्नली गेले, पण परत आलेल्या त्या वाट्या नंतरही मोजल्या जात राहिल्या. झीज सरासरी वर्षाला दशांश मिलिमीटरच्या घरात भरली.