ग्रंथपाल व्हायचंय? मग आधी हे ऐका

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत दिवाळी अंकांच्या योजनेबद्दल बोलले होते, आणि खाली अंकांबद्दल विचारणारे मोजकेच, बाकी सगळ्यांचं एकच, मॅडम तुमची नोकरी लई भारी, आम्हाला पण ग्रंथपाल व्हायचंय, कसं व्हायचं सांगा. एकानं तर लिहिलंय, "एसी, शांतता, दिवसभर पुस्तकं आणि वर पगार, नाद खुळा." एसी कुठला बाबा? आमच्याकडं पंखा आहे, आणि तो पण एक नंबरवर, कारण तीनवर नेला की वर्तमानपत्रं उडतात आणि ती वाचणारे काका माझ्याकडं असं बघतात की जणू मीच फुंकर मारली.

तर कसं व्हायचं ते पटकन सांगते, कारण हे कुठंही मिळेल. कुठल्याही शाखेची पदवी घ्या, त्यानंतर बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, एक वर्ष, एम.लिब., म्हणजे त्यातलीच पदव्युत्तर, अजून एक वर्ष. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा विभाग आहे, तिथं चौकशी करा. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात काम करायचं असेल तर त्या वाचनालयाचा वर्ग बघा, अ, ब, क की ड, कारण सरकारी अनुदान वर्गाप्रमाणं येतं आणि तुमचा पगार त्याच अनुदानावर असतो. पगाराचं खरं सांगू? छोट्या वाचनालयात नुसत्या त्या पैशावर घर चालवायचं म्हणजे अवघड आहे. कॉलेजात कायम जागा मिळाली तर चांगलं, पण तिथं पण जाहिरात निघायची वाट बघत बसावं लागतं. झालं. हे एवढंच.

आता मुद्द्याचं. "दिवसभर वाचायला मिळतं" हे डोक्यातून काढा. सकाळी वर्तमानपत्रं लावायची, आलेली पुस्तकं दाखल नोंदवहीत चढवायची, शिक्के, वर्गांक म्हणजे विषयाचा आकडा, लेबल, मग देवघेवीच्या काउंटरवर गर्दी, मग कुणाचा दंड, कुणाची अनामत परत, बाइंडिंगला काय टाकायचं ते बाजूला काढायचं, आणि वर्षातनं एकदा पडताळणी, म्हणजे प्रत्येक पुस्तक हातात घेऊन नोंदीशी जुळवायचं. यात वाचणार कधी? मी वाचते ते घरी, जेवणं उरकल्यावर. ज्यांना नुसतं वाचायचंच आहे त्यांनी वाचनालयाचं सभासद व्हावं, वर्गणी पगारापेक्षा कमीच असते.

मग या नोकरीत मजा कशात आहे? मजा आहे माणूस काय मागतोय आणि त्याला खरं काय पाहिजे ते ओळखण्यात. हे मी आधीच्या व्हिडिओतपण बोललेय, पण कमेंट बघून वाटतंय की कुणाच्या डोक्यात शिरलं नाही, म्हणून परत सांगते.

एक तालमीतला पोरगा आला. कुस्तीची पुस्तकं पाहिजेत म्हणाला. आता आमच्याकडं ड्युई दशांश पद्धत, मेल्विल ड्युई या अमेरिकन माणसानं १८७६ साली काढलेली, सगळ्या विषयांना आकडे. कुस्ती ७९६.८१२. ऊस ६३३.६१, स्वयंपाक ६४१.५. म्हणजे ऊस, कुस्ती आणि तांबडा-पांढरा, अख्खं कोल्हापूर तीन आकड्यांत बसतंय बघा! तर मी त्याला ७९६ च्या कपाटापाशी नेलं, पोरगं दोन-चार पुस्तकं चाळून तसंच उभं. म्हटलं, तयारी कशी चाललीय? तर म्हणाला, वजन गट बदलायचाय, खुराक किती आणि कसा घ्यायचा कळत नाही, वस्ताद एक सांगतात आणि जिममधला एक सांगतो. म्हणजे त्याला आहारशास्त्र पाहिजे होतं, ६१३.२, पार वेगळं कपाट. तोंडानं कुस्ती मागितली कारण त्याच्या डोक्यात ते सगळं कुस्तीच होतं.

दुसरं. एक आजी यायच्या, "कुणाचंही दे गं, फक्त गोष्ट चांगली पाहिजे." मी देणार, त्या अर्धं वाचून परत आणणार. कादंबरी नको, कथा देते, कथा नको, प्रवासवर्णन देते. काही जमेना. एक दिवस पुस्तक उघडून त्यांनी लांब धरलं तेव्हा लक्षात आलं की गोष्टीत काही खोट नव्हती, टाइप बारीक होता. त्यानंतर मी त्यांच्यासाठी मोठ्या टायपाची पुस्तकं वेगळी काढून ठेवायला लागले आणि आजी शेवटच्या पानापर्यंत जाऊन भांडायला लागल्या, की असा शेवट करतात होय कुणी!

आणि तिसरं, हे खास त्या भावासाठी ज्यानं लिहिलंय की गुगल असताना ग्रंथपाल कशाला. शेतकरी दादा आले, हातात चांगला मोबाइल, ऊस लागवडीचं पुस्तक द्या म्हणाले. लागवडीचं? यांचा ऊस तर कंबरेएवढा आलेला, त्यांनीच सांगितलं. जरा बोलत बसल्यावर कळलं की हुमणीची अळी लागलीय, मुळं खातेय. मग पुस्तक बाजूलाच राहिलं, शेतीच्या मासिकांचे जुने अंक काढले, त्यात हुमणीवरचे लेख होते. आता हेच दादा मोबाइलवर "ऊस लागवड" टाकणार, आणि मोबाइल त्यांना इमानदारीत लागवडच दाखवणार, कारण जे टाइप केलं त्याचंच उत्तर तो देतो. समोर माणूस असला की विचारतो, काय झालंय दादा?

आणि हे विचारणं दिसतं तेवढं सोपं नाही. "कशाला पाहिजे?" असं विचारलं की समोरचा गप्प होतो, पोलिसानं विचारल्यासारखं वाटतं. विशेषतः आजाराची, घटस्फोटाची, कर्जाची पुस्तकं मागणारी माणसं. त्यापेक्षा "आधी काय बघितलंय का याच्यावर?" एवढं म्हणा आणि थांबा. थांबणं महत्त्वाचं. आणि जे कळलं ते काउंटरच्या बाहेर न्यायचं नाही. एकजण आले होते, आमची मुलगी कुठली पुस्तकं नेते त्याची यादी द्या म्हणून. मुलगी सज्ञान. मी म्हटलं, तिलाच विचारा की, घरीच आहे ना? रागावून गेले. जाऊ देत.

आमच्या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे एस. आर. रंगनाथन, १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. हा माणूस मुळात गणिताचा प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच इतके कंटाळले की परत शिकवायला पाठवा म्हणून मागं लागले. म्हणजे त्यांना तुम्ही म्हणता तीच नोकरी मिळाली होती हो, शांतता आणि पुस्तकं! मग शिकायला इंग्लंडला गेले, तिथली वाचकांनी भरलेली ग्रंथालयं बघितली, आणि परत आल्यावर गणिताचं नाव काढलं नाही. १९३१ मध्ये त्यांचे पाच नियम छापून आले, त्यातला पहिलाच, पुस्तकं वापरासाठी आहेत. कुलपात ठेवायला नाहीत. हे मी पोथ्यांसारखी पुस्तकं गुंडाळून ठेवणाऱ्या काही संचालक मंडळींना पण ऐकवलंय, त्यांना आवडलं नाही.

आणि कोल्हापूरकरांनी तरी वाचनालयाला साइड बिझनेस समजू नये. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं आहे. आणि भारतातला पहिला ग्रंथालय कायदा कुणी केला? मुंबईनं नाही, पुण्यानं तर नाहीच. कोल्हापूर संस्थानानं, १९४५ साली. महाराष्ट्राचा आत्ताचा कायदा १९६७ चा. स्पर्धा परीक्षेच्या पोरांनो, लिहून घ्या, अभ्यासिकेत वर्षभर माझ्याच पंख्याखाली बसता आणि हे विचारलं की तोंडं बघता.

बरं, एक विनंती, विषय निघालाच आहे तर. कपाटातनं काढलेलं पुस्तक परत कपाटात घालू नका. मदत करताय असं वाटतं तुम्हाला, कळतंय मला. पण चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक म्हणजे दिवाळीच्या गर्दीत महाद्वार रोडवर हात सुटलेलं पोरगं. आहे तिथंच, पण सापडणार कुणाला? कॉम्प्युटर सांगतो पुस्तक आत आहे, वाचक म्हणतो नाही, आणि मधे मी. टेबलावर ठेवा. नुसतं टेबलावर ठेवा.

तर कमेंटमध्ये "इंट्रोव्हर्ट आहे, माणसं नकोत म्हणून ग्रंथपाल व्हायचंय" असं लिहिणारे जे आहेत, त्यांच्यासाठी. कमी बोलणारे असाल तर चालेल, उलट चांगलंच, ऐकून घ्याल. पण माणसं नकोच असतील तर ही नोकरी तुम्हाला त्रास देईल. फॉर्म भरायच्या आधी एक करा, संध्याकाळी गर्दीच्या वेळी आपल्या जवळच्या वाचनालयात जा, काउंटरजवळच्या बाकावर पेपर घेऊन बसा आणि लोक काय काय मागतात ते ऐका. कंटाळा आला तर तुमचे फीचे पैसे वाचले. आणि "हिला खरं काय पाहिजे असेल" असं मनात यायला लागलं, तर बी.लिब.चं बघूया, कागदपत्रं काय लागतात त्याचा वेगळा व्हिडिओ करते. आणि हो, बाकावरनं उठताना पेपरची पुरवणी पेपरातच ठेवा, घडी घालून.