फुलीचा बोल्ट

(सातपूर एमआयडीसी. सकाळची पाळी. लेथ सुरू आहेत.)

हा बोल्ट बघा. करंगळीच्या पेराएवढा. जाडी 3/16 इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास. डोक्यावर फुलीचा बारीक ठसा. सातपूरच्या चांगल्या टर्नरच्या हातात दिला, तर चहा येईपर्यंत तो याचा जुळा भाऊ काढून ठेवेल. मापात केसाचा फरक नसेल, हे मी पैजेवर सांगतो.

तरीही तो बोल्ट विमानाला लागणार नाही.

"नुसतं माप म्हणजे बोल्ट नाही रे," काका म्हणतात. काकांची अख्खी नोकरी ओझरच्या एचएएलमध्ये गेली. मिग-21 साठी 1964 साली उभा राहिलेला कारखाना. जुनी माणसं त्याला अजून 'मिग'च म्हणतात. सोव्हिएत संघ 1991 मध्ये फुटला आणि तिकडून येणारे सुटे भाग अडायला लागले, ते दिवस काकांनी शॉपमध्ये काढले. "पार्टसाठी उभं राहिलेलं विमान बघवत नाही." त्याबद्दल ते एवढंच बोलतात.

निवृत्तीनंतर परवाना काढून ते छोट्या प्रशिक्षण विमानांच्या कामाला लागले.

(पडद्यावर सेसना 152. इंजिनाचं झाकण उघडलेलं.)

दोन जणांचं अमेरिकन विमान. याचं उत्पादन 1985 मध्ये थांबलं. म्हणजे शेंडेफळसुद्धा चाळिशीला आलं, आणि त्यावर शिकणारी मुलं विशीतली. अमेरिकेत अपघातांचे दावे विमानाच्या वयाला न जुमानता कंपन्यांवर येत राहिले, विम्याचा खर्च वाढत गेला, आणि छोटी विमानं बनवणं परवडेना. 1994 साली कायद्याने या दाव्यांना 18 वर्षांची मर्यादा घातली. त्यानंतर चार आसनांचं सेसना 172 पुन्हा बनू लागलं. 152 मात्र कायमचं थांबलं.

मग पार्ट आणायचा कुठून? कंपनीकडे शिल्लक असेल तर तिथून. नाहीतर ओव्हरहॉल केलेला. नाहीतर कुठेतरी मोडीत निघालेल्या विमानाचा, तपासून पास झालेला. कुठूनही आला तरी त्याच्याबरोबर कागद हवा. अमेरिकेचा 8130-3, युरोपचा फॉर्म वन, आपला सीए फॉर्म वन. काका याला पार्टचा सातबारा म्हणतात. कोणी बनवला, कोणी तपासला, कोणी सही केली. बोल्टचंच घ्या. लेथवर आकार मिळतो. पण पोलाद कुठलं, हीट ट्रीटमेंट कशी झाली, कॅडमियमचा मुलामा कोणी दिला, हे बोल्टकडे बघून कळत नाही. जमिनीपासून तीन हजार फुटांवर हा प्रश्न विचारायला कोणी थांबत नाही.

पार्ट येईपर्यंत विमान जमिनीवर. कधी दोन आठवडे, कधी दोन महिने. मालक रोज फोन करतो. "बसवून टाका हो, दिसतोय तर बरा." काका फोन कानाला लावून ऐकून घेतात आणि बसवत नाहीत. मला या माणसात सगळ्यात जास्त भावलं ते हेच.

(नाशिक. काकांचं घर. जेवणाच्या टेबलाभोवती तीन विद्यार्थी.)

काकांनी खणातून एक पट्टी काढली. अ‍ॅल्युमिनियमची, मधोमध कापलेली. सेसनाच्या सीटखालचा रूळ. त्यावर ओळीने भोकं असतात, सीटची पिन त्यात बसते. वर्षानुवर्षं पिन घासून गोल भोक लांबट होतं. पिन पुरती बसत नाही. उड्डाणाच्या वेळी नाक वर झालं की सीट सर्रकन मागे जाते, पायलट आधाराला योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, पकडतो, योक मागे ओढला जातो, नाक आणखी वर, आणि वेग संपतो. यावर माणसं गेली आहेत. म्हणून हा रूळ ठरलेल्या तासांनी तपासायचा, असा अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाचा आदेश आहे.

"नख फिरव," काका एका मुलीला म्हणाले. तिने एका भोकात नख फिरवलं, मग पुढच्या. चौथ्यावर थांबली. "इथे अडकतंय."

"हं. म्हणून काढला."

"पण मधे कापला कशाला?"

"कापला नसता, तर कोणीतरी साफ करून, पॉलिश मारून परत विकला असता."

तिने दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. करवतीने खाल्लेली फट तेवढी उरली.